विश्लेषण : वडगावात थांबलेली दौड! सेनापती धनाजी जाधव आणि घोड्याच्या चालीचे गणित

पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी दात बघतो, शिंगे बघतो, पाठीवरून हात फिरवतो. पण पैसे काढण्याआधी तो एक गोष्ट हमखास करतो. दावे धरून बैल चालवून दाखवायला सांगतो. उभे असलेले जनावर खोटे बोलू शकते, चालणारे नाही. पाय टाकताना मान कशी हलते, मागचा खूर पुढच्याच्या ठशावर पडतो की मागे राहतो, वळताना कुठला पाय जपला जातो, यावरून व्यवहार ठरतो किंवा मोडतो.

याच वडगावात एका माणसाची समाधी आहे, ज्याचे अख्खे आयुष्य जनावराच्या चालीवर उभे होते. सेनापती धनाजी जाधव. जून १७०८ मध्ये त्यांचा मृत्यू या परिसरात झाला. कोल्हापूरहून पुण्याकडे जाताना महामार्गावरून डावी-उजवीकडे बघत आपण वडगाव फाटा मागे टाकतो, पण औरंगजेबाच्या फौजेला १८ वर्षे पळवणारा हा माणूस इथे, वारणेच्या मुलखात संपला, हे अनेकांना ठाऊक नसते. आणि तो संपला कशाने? तलवारीने नाही. इतिहासकारांनी दिलेले कारण आहे पायाची चिघळलेली जखम.

धनाजी जाधव कोण होते?

सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या घराण्यातले. म्हणजे जिजाऊंच्या माहेरचे. जन्म १६५० च्या सुमाराचा. शिवाजी महाराजांच्या फौजेत त्यांनी तरुणपणी नोकरी सुरू केली ती सरनौबत प्रतापराव गुजरांच्या हाताखाली. उमराणी आणि नेसरी या आदिलशाही सरदार बहलोलखानाविरुद्धच्या लढायांत त्यांचे नाव येते. नेसरी आपल्याच जिल्ह्यातले, गडहिंग्लज तालुक्यातले. तिथे २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव आणि त्यांचे सहा साथीदार शत्रूवर तुटून पडले आणि मारले गेले. धनाजींच्या पिढीने घोडदळाचा पहिला मोठा धडा तिथे घेतला असणार. घोडा माणसाला शत्रूपर्यंत जितक्या वेगाने नेतो, तितक्याच वेगाने परतही आणू शकतो, आणि परत येणारा सेनापती मेलेल्या सेनापतीपेक्षा जास्त उपयोगाचा असतो. पुढच्या ३० वर्षांतले धनाजींचे युद्ध पाहिले की हा धडा त्यांनी नीट गिरवला होता असे वाटते.

घोडा चार पायांवर नेमका कसा चालतो?

धनाजींच्या मोहिमा समजायच्या तर आधी हे समजून घ्यावे लागेल. घोड्याला चार पाय आहेत म्हणून तो माणसाच्या दुप्पट चालतो, असा हिशेब नसतो. खरा फरक पायांच्या संख्येपेक्षा पाय टाकण्याच्या क्रमात आहे.

संथ चालीला घोडेवाले कदम म्हणतात. यात चारही खूर वेगवेगळे पडतात. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. फरसबंदीवर कान दिला तर चार ठोके ऐकू येतात. कुठल्याही क्षणी दोन किंवा तीन पाय जमिनीवर असतात, त्यामुळे तोल जाण्याचा प्रश्न नाही. वेग ताशी सहा-सात किलोमीटर. माणूस झपझप चालला तर याच वेगाने चालतो. म्हणजे कदम चालीत घोडदळ आणि पायदळ यांच्यात फारसा फरक नाही!

फरक पडतो दुडकीत. इथे पाय कोनाकोनाने जोडले जातात. पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम. दोनच ठोके, आणि मध्ये एक क्षण चारही पाय अधांतरी. वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर. ही चाल स्वाराला हाडे खिळखिळी करणारी, पण घोड्याला सोसणारी. त्याच्या पायातल्या लांब कंडरा रबरासारख्या ताणल्या जातात आणि सुटताना तीच ताकद परत देतात. त्याच्या पुढे येतो तीन ठोक्यांचा कँटर आणि सगळ्यात शेवटी चौखूर. चौखूर उधळलेल्या घोड्याचे पाय पुन्हा एकेक करून पडतात, पण इतक्या झपाट्याने की ठोके वेगळे मोजता येत नाहीत. ताशी ४० किलोमीटर आणि वर. या चालीत घोड्याचा श्वासही पायांना बांधला जातो, एका ढांगेला एक श्वास. म्हणूनच तो फार वेळ अशा वेगाने धावू शकत नाही.

चौखूर धावताना चारही पाय एकदम हवेत असतात का, यावर जगभर वाद होता. तो मिटला १८७८ मध्ये. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात धावपट्टीच्या कडेला ओळीने १२ कॅमेरे लावले आणि लेलँड स्टॅनफर्ड यांच्या घोडीची एकामागून एक छायाचित्रे टिपली. चारही पाय हवेत असतात, हे त्यात दिसले. पण चित्रकार काढत तसे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले नसतात, उलट सगळे पोटाखाली गोळा झालेले असतात. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या चित्रांतले उडते घोडे यामुळे चुकीचे ठरतात. पण तो राग चित्रकारांवर काढण्यात अर्थ नाही; उघड्या डोळ्यांना ते दिसतच नाही.

आणखी एक गोष्ट घोड्याचा पाय बघताना आपण चुकतो. पुढच्या पायात मध्यावर जो गुडघा दिसतो, तो खरे तर मनगट आहे. मागच्या पायाचा उलटा वाकणारा सांधा म्हणजे टाच. घोडा एकेका बोटावर उभा असतो, आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. बैल दोन बोटांवर, म्हणून त्याचा खूर दुभंगलेला. आपण मात्र टाचेपासून बोटांपर्यंत अख्खे पाऊल टेकतो. बोटांवर उभे राहिल्याने पाय लांब होतो, ढांग मोठी पडते. नालबंदाचे काम म्हणजे या एका नखाची निगा. फौजेत नालबंद नसेल तर घोडदळाचे पायदळ व्हायला फार दिवस लागत नाहीत.

मग मराठा फौज वेगवान का होती? घोडे तर मुघलांकडेही होते!

प्रश्न बरोबर आहे. मुघलांचे घोडे उंचीने मोठे होते, अरबी आणि तुर्की वाणाचे. मराठ्यांकडे दख्खनी तट्टू. भीमेच्या काठचे भीमथडी घोडे प्रसिद्ध होते, बुटके पण काटक, कडब्यावर निभावणारे, डोंगराची पायवाट न अडखळता उतरणारे. या भीमथडी जातीला अलीकडेच देशाच्या अधिकृत पशुजातींच्या यादीत जागा मिळाली आहे. नुसत्या धावण्याची शर्यत लावली असती तर अरबी घोडा जिंकला असता.

पण युद्ध शर्यत नसते. औरंगजेबाची छावणी म्हणजे चालते शहर होते. तोफा ओढायला बैल, तंबू वाहायला हत्ती आणि उंट, मागे बाजार, जनाना, कारखाने. या सगळ्या जनावरांची चाल वेगवेगळी. उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास एकदम उचलतो, मग दुसऱ्या बाजूचे, म्हणून तो डुलत जातो. त्याचा गादीसारखा तळवा वाळूत उत्तम, पण ओल्या काळ्या मातीत घसरतो. हत्तीचे तर वेगळेच. तो कितीही घाईत असला तरी चारही पाय एकदम उचलत नाही, एक तरी जमिनीवर असतोच. दुडकी नाही, उडी नाही. त्याचा सर्वाधिक वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास, तोही थोड्या अंतरापुरता. आणि ओझे ओढणारा बैल ताशी तीन-चार किलोमीटरच्या पुढे जात नाही. चालत्या शहराचा वेग सगळ्यात हळू जनावर ठरवते. अरबी घोड्यावर बसलेल्या अमीरालाही शेवटी बैलासाठी थांबावे लागे.

मराठा स्वाराकडे थांबण्यासारखे काही नव्हते. खोगीर, तोबरा, भाला, तलवार, पाठीला घोंगडे. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा, म्हणून तो त्याला जपायचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. अशा फौजेला मजल मारताना चौखूर उधळायची गरजच नव्हती. कदम आणि दुडकी आलटून पालटून, मध्ये पाणी, पुन्हा दुडकी. हे शहाणपण विज्ञानाने फार उशिरा मोजले. १९८१ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लहान घोड्यांना चालत्या पट्ट्यावर वेगवेगळ्या वेगाने चालवले आणि त्यांना किती प्राणवायू लागतो ते मोजले. प्रत्येक चालीचा एक वेग असा असतो की त्या वेगाला दर किलोमीटरमागे सगळ्यात कमी ताकद खर्च होते, आणि मोकळा सोडलेला घोडा आपणहून त्याच वेगाच्या आसपास राहतो. म्हणजे घोड्याला आपले गणित येते. स्वाराने ते बिघडवू नये, एवढेच.

जिंजीची दौड

१६८९ उजाडले तेव्हा स्वराज्य संपल्यात जमा होते. फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. पकडणारा मुकर्रबखान कोल्हापूरकडूनच घाट उतरून गेला होता. रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मुघलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज वेष बदलून तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यात पोहोचले.

आता राज्य दोन तुकड्यांत होते, मध्ये आजच्या रस्त्याने आठशे किलोमीटरच्या पुढे अंतर आणि सगळीकडे शत्रू. हे दोन तुकडे शिवून ठेवणारी सुई म्हणजे संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांचे घोडदळ. मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ रुस्तमखान हा मोठा मुघल सरदार कुटुंबासह पकडला गेला, तेव्हा मुघलांना पहिल्यांदा कळले की राजा दूर असला तरी फौज जिवंत आहे. राजारामांनी धनाजींना जयसिंगराव हा किताब दिला. डिसेंबर १६९२ मध्ये दोघेही कर्नाटकातून जिंजीच्या वेढ्यावर आदळले. संताजींनी कांचीजवळ अलीमर्दानखानाला पकडले, धनाजींनी जिंजीच्या बाहेर इस्माईलखान मकाला. वेढा घालणारेच वेढले गेले. रसद तुटली आणि वजिराच्या फौजेला उपाशी राहण्याची पाळी आली.

याच काळातली ती प्रसिद्ध दंतकथा. मुघलांचे घोडे पाणवठ्यावर नेले तरी पाणी पीत नसत, कारण त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत. आपण ती शाळेपासून ऐकतो आणि हसून सोडून देतो. पण घोडा पाळलेला माणूस हसणार नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण नाकासमोरची आणि पायाखालची थोडी जागा दिसत नाही. चमकणाऱ्या, हलणाऱ्या पाण्याची खोली त्याला कळत नाही आणि तो बिचकतो. बिचकणे हाच त्याचा धर्म. लाखो वर्षे पळून जगलेले जनावर आहे ते. दंतकथा रचणाऱ्याने घोडे नीट पाहिले होते.

दोन सेनापती, एक पद

संताजी आणि धनाजी ही नावे आपण जोडून उच्चारतो, पण ती जोडी शेवटपर्यंत टिकली नाही, आणि धनाजींचे चरित्र सांगताना ही बाजू लपवणे बरे नाही. संताजी शिस्तीचे कडक, धनाजी माणसे सांभाळणारे. सेनापतिपदावरून दोघांत तेढ वाढली. १६९६ मध्ये दोघांच्या फौजा तमिळ मुलखात एकमेकांवर चालून गेल्या. संताजी जिंकले आणि त्यांनी धनाजींकडच्या अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिले. राजारामांनी सेनापतिपद धनाजींकडे सोपवले. पुढच्या वर्षी संताजींचीच फौज फुटून धनाजींकडे आली. ज्या माणसाला मुघल कधी गाठू शकले नाहीत, तो शंभू महादेवाच्या डोंगरात जवळजवळ एकटा फिरत होता. जून १६९७ मध्ये नागोजी माने यांनी त्यांना गाठून मारले. अमृतराव नागोजींचे मेहुणे होते.

धनाजींनी हत्येचा हुकूम दिला, असे म्हणता येत नाही. पण पाठलाग त्यांच्याच बाजूने सुरू झाला होता. जिंजी पुढे सहा-सात महिन्यांनी, जानेवारी १६९८ मध्ये पडली.

औरंगजेब स्वतः आला तेव्हा

१६९९ पासून बादशहा ऐंशीच्या घरात असताना स्वतः एकेक किल्ला घ्यायला निघाला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि कारभार ताराबाईंच्या हाती आला. किल्ले पडत होते. पण धनाजींचे घोडदळ किल्ल्यात नव्हतेच. ते मोकळ्या मैदानात होते, आणि बादशहाला मैदान घेता येत नव्हते.

या मोहिमेतला एक प्रसंग कोल्हापूरकरांनी लक्षात ठेवावा असा आहे. जून १७०२ मध्ये विशाळगड घेऊन बादशाही छावणी पन्हाळ्याकडे परत निघाली. आषाढ लागला होता. विशाळगड-पन्हाळा हा पट्टा पावसाळ्यात ज्याने पाहिला आहे त्याला पुढचे सांगायला नको. ओढे भरलेले, वाटा चिखलात गेलेल्या. हत्ती रुतले, उंट आणि बैल मरून पडले, अमीर-उमराव पायी चालले. सुमारे ५० किलोमीटरच्या या वाटेला ३८ दिवस लागले. दिवसाला दीड किलोमीटरही नाही! चार पायांच्या जनावराला दोन पायांच्या माणसापेक्षा तोल सांभाळणे सोपे खरे, पण ते कोरड्या जमिनीवर. चिखलात प्रत्येक पाय उपसून काढावा लागतो, आणि हत्तीचे तर तीन-चार टन वजन चार खांबांवर असते.

धनाजींची पद्धत बघायची तर १७०५ चा वाकिनखेड्याचा वेढा पाहावा. कृष्णा-भीमेच्या दुआबातले हे बेरडांचे ठाणे, पिडिया नायकाचे. औरंगजेबाने घेतलेला हा शेवटचा किल्ला. आत अनेक मराठा सरदारांची कुटुंबे आश्रयाला होती. धनाजी पाच-सहा हजार स्वारांनिशी आले. मोठ्या तुकडीने एका बाजूला गलका करत मुघलांना गुंतवून ठेवले आणि निवडक स्वारांनी दुसरीकडून कुटुंबे चपळ घोड्यांवर बसवून बाहेर काढली. किल्ला गेला, माणसे वाचली. प्रतापरावांच्या नेसरीपासून किती लांबचा हा रस्ता!

पुढच्याच वर्षी, १७०६ मध्ये, ते गुजरातेत नर्मदेपलीकडे होते. राजपिपळ्याच्या बाजूला रतनपूर इथे आणि मग नर्मदेच्या बाबा प्यारा उतारावर त्यांनी मुघल फौजांचा पराभव केला, सरदार कैद केले, खंडणी घेतली. पंधरा वर्षांपूर्वी तमिळ देशात, आता गुजरातेत. नकाशावर या दोन ठिकाणांत बोट फिरवून बघा.

खेडची रात्र

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला. मुघलांनी शाहूंना सोडले, आणि मराठ्यांसमोर नवा पेच आला. ताराबाईंचे म्हणणे होते की आलेला शाहू तोतया आहे, आणि खरा असला तरी राज्य आता आपल्या मुलाचे आहे. त्यांनी धनाजी आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांना शाहूंवर पाठवले. धनाजींसाठी हे सोपे नव्हते. ज्या राणीच्या हाताखाली सात वर्षे लढले, ती एकीकडे. ज्या राजासाठी हे सगळे सुरू झाले त्या संभाजी महाराजांचा मुलगा दुसरीकडे. त्यांच्याकडे महसुलाचे काम पाहणारा एक हुशार कारकून होता, बाळाजी विश्वनाथ. शाहू खरेच आहेत, ही खात्री पटवण्यात त्याचा मोठा वाटा मानला जातो. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेडला लढाई उभी राहिली तेव्हा धनाजी शाहूंच्या बाजूला गेले. प्रतिनिधी एकटे पडले आणि साताऱ्याला परतले. तीन महिन्यांनी, १२ जानेवारी १७०८ ला, शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. सेनापती धनाजीच राहिले.

कोल्हापूरच्या बाजूने पाहिले तर ही फितुरी होती. साताऱ्याच्या बाजूने पाहिले तर निष्ठा. वडगाव या दोन्हींच्या मधल्या वाटेवर आहे.

पाय

१७०८ मध्ये शाहूंची फौज ताराबाईंवर कोल्हापूर प्रांतात उतरली. पन्हाळा घेतला, विशाळगड घेतला, ताराबाई रांगण्यावर गेल्या. रांगणा पडला नाही, पाऊस तोंडावर आला आणि फौज मागे फिरली. धनाजी तेव्हा ५८ च्या आसपास होते आणि पायाच्या जखमेने बरेच दिवस आजारी होते.

इथे दोन पाय आणि चार पाय यांतला फरक पुन्हा समोर येतो. माणूस चालताना प्रत्येक पावलाच्या बऱ्याच भागात सगळे वजन एकाच पायावर तोलतो. आपले चालणे म्हणजे उलट्या लंबकाचा खेळ, टेकलेल्या पायावरून अंग पुढे झुकते आणि दुसरा पाय सावरायला येतो. ताकद फार कमी लागते, म्हणून माणूस दिवसभर चालू शकतो. पण एक पाय गेला की सगळेच अडते. कुत्रे तीन पायांवर पळते. माणूस एका पायावर चालूही शकत नाही. घोड्याचे या बाबतीत कुत्र्यासारखे नाही. पाच-सहाशे किलोपर्यंतचे वजन, त्यातले ६० टक्के पुढच्या दोन पायांवर. एक पाय दुखावला तर दुसऱ्यावर इतका भार येतो की त्याचाही खूर आतून सुजतो. लंगड्या घोड्याची मान दुखरा पुढचा पाय टेकताना वर जाते, चांगला टेकताना खाली येते. पशुवैद्य अजूनही घोड्याला दुडकी चालवून हेच बघतात, कारण त्या चालीत दोन्ही बाजूंना सारखा भार असतो आणि फरक लगेच उघडा पडतो.

आणि स्वार? घोड्यावर बसले म्हणजे पाय सुटले, असे वाटते. तसे नाही. दुडकीत प्रत्येक ठोक्याला स्वार रिकिबीवर पाय रोवून अंग सावरतो. मांड्या खोगिराला आवळलेल्या, पोटऱ्या घोड्याच्या बरगडीला घासत असतात. तासन्‌तास पाय खाली लोंबत असतात. पायातले रक्त वर चढायला पोटरीच्या स्नायूंची हालचाल लागते, ती इथे कमी. अशा पायावर जखम झाली तर ती भरायला सगळ्यात आधी विश्रांती हवी. सेनापतीला ती १६८९ पासून मिळाली नव्हती. त्यात पावसाळा, छावणी, चिखल, आणि जखम जंतूंमुळे चिघळते हे कळायला अजून दीडशे वर्षे होती. जून १७०८ मध्ये वडगावला त्यांनी प्राण सोडला.

धनाजींनंतर काय झाले?

मुलगा चंद्रसेन सेनापती झाला. बाळाजी विश्वनाथाचे वाढते महत्त्व त्याला खुपत होते. १७११ मध्ये शिकारीत एका हरणावरून दोघांच्या माणसांत भांडण पेटले आणि चंद्रसेनाने बाळाजीचा पाठलाग केला. बाळाजी जीव घेऊन पळाला. बाळाजीबद्दल अशी आठवण सांगितली जाते की त्याला घोड्यावर नीट बसता येत नसे, दोन बाजूंनी माणसे धरावी लागत. सेनापतीचा मुलगा मागे, कारकून पुढे, आणि तरी कारकून वाचला. शाहूंनी बाळाजीची बाजू घेतली. चंद्रसेन आधी ताराबाईंकडे आणि मग निजामाकडे गेला. बाळाजी १७१३ मध्ये पेशवा झाला.

त्याचा मुलगा बाजीराव मात्र घोड्यावरच वाढला. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ त्याने हलक्या घोडदळाने निजामाला अशा जागी कोंडले की जड तोफखाना मागे राहिलेला आणि प्यायला पाणी नाही. धनाजींनी जिंजीला आणि दख्खनच्या मैदानात जे केले होते, तेच. निजामाच्या त्या कोंडलेल्या बाजूला चंद्रसेन जाधव होता.